कारभाऱ्यांचा पहिला नंबर

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कारभारी फरकाडे यांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर आपोआप चालू झाली. विहिरीपाशी कुणी नव्हतं. कारभारी अद्रकीच्या बेडवर उकिडवे बसून गवत उपटत होते, त्यांची बायको गीताबाई दोन बेड पलीकडं होती आणि मुलगा सोमिनाथ खताच्या गोण्या आणायला सिल्लोडला गेला होता. ठिबकच्या नळीनं आधी हवा सोडली, मग कारभाऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याशी थेंब पडायला लागले. त्यांनी हातातलं गवत खाली ठेवलं.

"लागली," ते म्हणाले.

"कोणी लावली?" गीताबाईंनी मान वर न करता विचारलं.

"ते कळलं असतं तर इथं बसलो असतो का?"

चिंचखेड्याचं हे शिवार सिल्लोडपासून अकरा किलोमीटरवर. ऑगस्टचा तिसरा आठवडा. बारा दिवस पावसानं उघडीप दिली होती, म्हणून अद्रकीला दिवसाआड वीस मिनिटं पाणी द्यायचं ठरलं होतं. वीस म्हणजे वीस. पाणी जास्त झालं की अद्रकीचं पान वरून पिवळं पडतं आणि खाली गड्डा शेंबडासारखा मऊ होतो. उताराकडचे दोन बेड पिवळे पडलेच होते. आठ दिवसांत मोटर अशी लागायची ही सहावी वेळ होती; दोनदा तर रानात कुणी नसल्यानं ती दुपारपर्यंत चालली होती.

कारभाऱ्यांनी सोमिनाथला फोन लावला.

"मोटर तू लावली का?"

"मी? माझे दोन्ही हात गोणीला हायेत आबा."

"मंग?"

"तुमच्याच खिशात दाबल्या गेला असंल फोन."

कारभाऱ्यांचा फोन खिशात नव्हताच. तो भाकरीच्या पिशवीत, लिंबाच्या फांदीला टांगलेला होता आणि आता तिथूनच ते बोलत होते. त्यांनी फोन ठेवला, यादीतल्या 'मोटर' या नावावर बोट दाबलं आणि कानाला लावलं. पलीकडून नेहमीचा बाईचा आवाज आला, "मोटर बंद झाली आहे," आणि फोन कट झाला. मार्चमध्ये विहिरीवरच्या पेटीत मोबाईलवाला स्टार्टर बसवल्यापासून हे असंच चालायचं. एक रिंग दिली की चालू, पुन्हा दिली की बंद. लाईट नसली तर ती बाई तेही सांगायची.

नळ्या थांबेस्तोवर बांधावर आप्पासाहेब येऊन उभे राहिले. त्यांचं रान कारभाऱ्यांच्या खालच्या अंगाला आणि त्यात मिरची. पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, पायाला चिखल.

"कारभारी, माझ्या मिरचीत तळं झालंय. बदकं आणून सोडू का?"

"आप्पा, आईशप्पथ, आपोआप लागती ती."

"आपोआप माझ्या घरी चहा बी होत नाय." आप्पासाहेबांनी पायाचा चिखल बांधावरच्या दगडाला घासला. "आठ दिवस ऐकायलो. आता एक थेंब जरी आला, तर चार माणसं पारावर बोलवीन. मंग सांगा तिथं, आपोआप लागती म्हणून."

ते निघून गेले. कारभारी पुन्हा खाली बसले, पण गवताऐवजी अद्रकीचा एक कोंब उपटून निघाला. तो त्यांनी गीताबाईंना न दाखवता परत मातीत खोचला.

*

फरकाड्यांच्या घरात पहिला फोन २००७च्या दिवाळीत आला. सिल्लोडला जहांगीरभाईंचं रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांनी त्या साली अर्ध्या काउंटरवर मोबाईल मांडले, आणि कारभारी रेडिओचा नवा पट्टा घ्यायला गेले ते फोन घेऊन आले. बटणांचा, कागदी पुडीएवढ्या पडद्याचा, डोक्यावर बॅटरीचा उजेड असलेला. नंबरच्या शेवटी तीन पाच होते. गल्लीतल्या अकरा घरांना तोच नंबर होता. कुणाचा जावई आजारी पडला तरी फोन कारभाऱ्यांकडं यायचा आणि ते निरोप घेऊन धोतराचा सोगा धरून पळायचे.

वर्षभरानं रानात न्यायला दुसरा एक साधा फोन आला, तरी घरच्या घरी कुणी बोलत नसे. सगळं मिस कॉलवर चाले. रानातून एक रिंग म्हणजे भाकरी घेऊन या. दोन म्हणजे लाईट आली. तीन म्हणजे पाहुणे आलेत, चहाला दूध राखून ठेवा. एकदा नाशिकच्या चुलत्यांनी फोन लागेना म्हणून लागोपाठ तीनदा लावला, तर गीताबाईंनी पाच माणसांचा स्वयंपाक करून वाट पाहिली.

पुढं गाण्यांचं कार्ड टाकायचा फोन आला, मग रंगीत, मग बोटानं सरकवायचा. कारभारी धोतरातून पँटीत आले तोवर फोन बटणांतून काचेत गेला. आता संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात दिलेली लेक विशाखा रोज संध्याकाळी त्या काचेत दिसायची आणि आईला मिरच्या कुठं ठेवल्यात ते दाखवायला लावायची. टाईप करता येत नसलं तरी कारभारी फोनशी बोलून बाजारभाव विचारायचे आणि तो सांगायचा. पिकाची नोंद करताना तर आपण आपल्याच रानात उभे आहोत की नाही हेही फोनच सांगतो, याचं त्यांना अजून नवल वाटे. "तीस वर्षं उभा हाये इथं," ते एकदा फोनला म्हणाले होते, "आन् तू मला विचारतो?"

काचेच्या फोनबरोबर नवं सिम आलं. जुनं सिम कापसात गुंडाळून गीताबाईंच्या हळदी-कुंकवाच्या डबीत पडून राहिलं; कारभारी त्यावर रिचार्ज तेवढा मारत राहिले. मार्चमध्ये स्टार्टर बसवला, तेव्हा त्याला एक सिम लागणार होतं. डबी उघडली आणि जुनं सिम पेटीत गेलं. आयुष्यभर मिस कॉलवर राबलेला नंबर पुन्हा मिस कॉलवरच कामाला लागला. घरातल्या तिन्ही फोनांत त्याचं नाव 'मोटर' असं टाकलं गेलं. त्यानंतर त्याचे आकडे कुणी पाहिले नाहीत.

*

घरात दुसरं एक दुखणं होतं आणि ते मोटरीपेक्षा मोठं होतं. सोमिनाथ एकतीस वर्षांचा झाला होता.

पोरगा अंगापिंडानं बरा, कामाला वाघ, दारू-गुटख्याला शिवत नाही. तीन एकर अद्रक-मका, विहिरीला पाणी. पण नोकरी नाही. जूनमध्ये विशाखानं त्याचा बायोडाटा नव्यानं तयार केला, वर गणपती, बाजूला निळ्या शर्टातला फोटो, आणि नात्यागोत्याच्या बावीस ग्रुपांवर पाठवला. अडीच महिने झाले. एकाही माणसाचा फोन आला नाही. एक नाही. नकार द्यायलासुद्धा नाही.

पहिल्या महिन्यात गीताबाई म्हणायच्या, पदवीपर्यंत शिकलेली हवी. दुसऱ्या महिन्यात बारावीवर आल्या. ऑगस्टात त्यांनी अट अशी काही ठेवलीच नव्हती. सोमिनाथ वरवर हसायचा. पण कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं की त्याला नेमकं त्या दिवशी फवारणीचं काम निघायचं. आणि कारभारी जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायचे, "काळच तसा आलाय. शेतकऱ्याचं पोरगं म्हणलं की लोक फोन बी करत नायेत." असं सांगताना त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडं जायची.

सोमवारच्या प्रकारानंतर गीताबाईंनी पेटीला लिंबू-मिरची बांधायची काढली. "नजर लागली मोटरला."

"आई," सोमिनाथ म्हणाला, "आपल्याला नजर लावायला आपल्याकडं बघतंय कोण?"

मंगळवारी बापलेकांनी पहारा केला. सकाळी आठलाच विहिरीवर जाऊन बसले. घरातले तिन्ही फोन समोर गोणपाटावर पालथे ठेवले. कुणीही हात लावायचा नाही. गीताबाईंनी जवळ बसून शेंगा सोलल्या. नऊ वाजून सात मिनिटांनी पेटीत हिरवा दिवा लुकलुकला, आत 'खट' वाजलं आणि मोटर घरघरली. तिघांनी एकदम गोणपाटाकडं पाहिलं. फोन तसेच पालथे.

कारभारी उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून ते अर्धे उभे राहतात, तोच पुन्हा 'खट' वाजलं आणि मोटर बंद झाली.

"बंद बी झाली," गीताबाई म्हणाल्या. त्यांच्या ओटीतल्या शेंगा खाली सांडल्या होत्या. "भूत असलं तरी समजूतदार हाये."

*

बुधवारी कारभारी आणि सोमिनाथ पेटीतला स्टार्टर काढून, टॉवेलात बांधून सिल्लोडला घेऊन गेले. जहांगीरभाईंच्या दुकानात आता रेडिओ नव्हते. वरच्या फळीवर फोनची कव्हरं, खाली चार्जर, आणि काउंटरवर त्यांचा मुलगा अम्मार. जहांगीरभाई भिंतीला टेकून खुर्चीवर बसायचे आणि गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरच बोलायचे.

अम्मारनं डब्याला वायर जोडली, फोनवर काहीतरी उघडलं. पडद्यावर आकड्यांची रांग लागली. त्यानं बोटानं ती वर ढकलली. रांग संपेना.

"चाचा," तो म्हणाला, "एवढे फोन तर माझ्या दुकानाला येत नाहीत."

"कसले फोन?"

"तुमच्या मोटरला. रोजचे तीन सोडून एकोणीस नंबर, सत्तेचाळीस फोन. जूनपासून. बरेच जण लागोपाठ दोनदा, म्हणजे लागली तशी बंद." त्यानं कारभाऱ्यांकडं पाहिलं. "बसवताना मी विचारलं होतं, नंबर लॉक करू का. तुम्हीच म्हणले, नको, घरातल्या कोणाच्या बी फोनवरून लागली पाहिजे."

"व्हय. पण हे घरातले नायेत."

"तेच म्हणतोय. कोण हायेत बघू की." अम्मारनं यादीतला एक नंबर आपल्या फोनवरून लावला आणि आवाज मोकळा केला. तिसऱ्या रिंगला फुलंब्रीकडचा एक माणूस बोलला. पाठीमागं म्हैस ओरडत होती.

"भाऊ, तुम्ही जुलैत एका नंबरला फोन लावले होते. शेवटी तीन पाच. काहून लावले होते?"

"तीन पाच?" माणूस आठवायला लागला. "हां, ते. मुलाच्या वडलांचा नंबर हाये तो. स्थळाचं बोलायचं होतं."

"कोणत्या मुलाच्या?"

"बायोडाटावर होता. फरकाडे, चिंचखेडा. पण राहू द्या ते. त्यांच्या घरात एक बाई हाये, लई तोडून बोलती. मी रामराम म्हणस्तोवर 'मोटर चालू झाली आहे' म्हणाली आन् फोन ठेवला. परत लावला तर 'मोटर बंद झाली आहे'. अहो, आम्हाला तुमच्या मोटरचं काय करायचंय? मंडळींना म्हणलं, सासू जर अशी असंल तर पोरगी दोन दिवस टिकायची नाय तिथं."

अम्मारनं हळूच फोन ठेवला. कारभाऱ्यांचे कान तापले होते. त्यांनी टॉवेलनं कपाळ पुसलं, मग तीच जागा पुन्हा पुसली.

सोमिनाथनं आपल्या फोनवर बायोडाटा उघडला. गणपती, फोटो, उंची, रक्तगट, मामेकूळ. शेवटची ओळ, संपर्क. तो एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागला. सात आकडे झाल्यावर भिंतीकडून जहांगीरभाई म्हणाले, "आखिर में तीन पाँच. ये नंबर मैंच दिया था इनको. फारम पे फोटू भी मैंच चिपकाया."

"अडीच महिने," कारभारी म्हणाले. "अडीच महिने म्या लोकांना सांगायलो, पोराला कोणी विचारंना म्हणून."

"एकोणीस जण विचारायले होते, चाचा," अम्मार म्हणाला. "फक्त मोटरला."

सोमिनाथ यादीकडं बघत होता. हसावं की काय करावं हे त्याच्या तोंडाला ठरवता येत नव्हतं. ओठ एकदा इकडं जात, एकदा तिकडं. मग तो काउंटरला धरून हसायलाच लागला, खाली बसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "आबा, लाईट नसताना ज्यानं लावला असंल, त्याला काय वाटलं असंल हो?"

जहांगीरभाईंनी चहा सांगितला. "कारभारी, भाभी को मत बताना. वो तोडके बोलने की बात."

पण फोनच्या युगात गोष्ट घरापर्यंत पोचायला माणसाची वाट बघत नाही. सोमिनाथनं तिथूनच विशाखाला व्हिडिओ लावला. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी माझाच जुना बायोडाटा घेतला आन् त्यात दादाचं नाव टाकलं," ती म्हणाली. "नंबर तपासायचं डोक्यातच आलं नाय. आबांचा नंबर मला पाठ हाये ना. बाकी कोणाचा एक पाठ नाय, माझ्या नवऱ्याचा बी नाय. तेवढाच एक पाठ होता."

कारभाऱ्यांना तिच्यावर रागावता येईना. ते म्हणाले, "आईला फोन करून सांगू नको एवढ्यात." पण तिनं तोवर केला होता.

अम्मारनं मोटरला नवं सिम दिलं, त्यात घरचे तीन नंबर लॉक केले, आणि जुनं सिम कारभाऱ्यांच्या फोनच्या दुसऱ्या घरात सरकवलं. एकोणीस जणांची यादी सोमिनाथच्या फोनवर आली. त्यात लासूर स्टेशनकडचा एकच नंबर पंधरा वेळा होता. बहुतेक सगळे सकाळी नऊच्या सुमाराचे.

*

गुरुवारी उजाडताच चर खोदायला सुरुवात झाली. पिवळ्या बेडांच्या कडेनं, बांधाला लागून, साठ फूट लांब. आतलं पाणी बाहेर निघालं तर उरलेली अद्रक वाचणार होती, आणि वळवून ओढ्यात सोडलं तर आप्पासाहेबांची मिरचीही. सोमिनाथ टिकाव मारी, कारभारी फावड्यानं माती वर ओढत. काळी माती, वरून सुकलेली आणि आत लोण्यासारखी. फावड्याला चिकटली की पायानं सोडवावी लागे.

आप्पासाहेबांना सगळं कळलं होतं. ते बांधावर बसून बघत होते.

"म्हणजे तुमच्या पोराची सोयरीक माझ्या मिरचीत वाहत होती म्हणायची," ते म्हणाले. "पारावरची बैठक रद्द. पण लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवायचं, सांगून ठेवतो."

"आधी जमू तर द्या."

"आन् ती पेटीतली बाई बी बोलवा. सगळ्यात जास्त फोन तिनं घेतले."

गीताबाई भाकरी घेऊन आल्या. भाकरी खाली ठेवली आणि सोमिनाथपुढं हात केला. "ती यादी दे मला."

"कशाला?"

"मी बोलते. म्हणे मी तोडून बोलते."

आणि त्या लिंबाखाली पाय दुमडून बसल्या, पदर डोक्यावर घेतला जसा काही समोर व्याहीच बसलेत, आणि एकेक नंबर लावायला लागल्या. कारभारी माती ओढता ओढता ऐकत होते. बायकोचा असा आवाज त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ऐकला होता, नंतर नाही.

"नमस्कार पाहुणे, बरे हाये ना? मी मुलाची आई बोलते. नाय नाय, ती मी नव्हे. ती मोटरची बाई. मोटरची. विहिरीवरची. व्हय, आम्हाला बी काल कळलं."

सात जणांच्या पोरींची लग्नं ठरून गेली होती. त्यातल्या एकानं उलट गीताबाईंनाच पत्रिका पाठवतो म्हणून सांगितलं. सात जणांनी फोन उचलला नाही. एक म्हणाला, आता नोकरीवालाच बघतोय. दोघं म्हणाले, विचार करून सांगतो. फुलंब्रीच्या माणसाशी मात्र त्या बारा मिनिटं बोलल्या. त्याच्या म्हशीची चौकशी केली. शेवटी तो म्हणाला, "ताई, माझी समजूत चुकली." तेवढं ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा हसल्या. पोरीचं विचारायचं राहूनच गेलं.

"लासूरवाला मी लावतो," कारभारी म्हणाले. पंधरा वेळा फोन करणाऱ्या माणसाची त्यांना थोडी भीती वाटत होती. पिवळे पडलेले दोन बेड त्याच्याच नावावर होते.

पलीकडचा माणूस पहिल्याच रिंगला बोलला. नाव कडुबा. आवाज मोठा, रानात बोलायची सवय असलेला.

"लागला का एकदाचा," तो म्हणाला. "कारभारी, म्या तुमची लई वाट बघितली हो. मला वाटलं जाहिरात हाये."

"जाहिरात?"

"हल्ली नाय का, कोणाला बी फोन लावा, आधी काहीतरी बोलत्यातच. सावध राहा म्हणून. मला वाटलं मोटरच्या कंपनीची असंल. म्हणलं, कधीतरी संपंल जाहिरात. डेअरीवर दूध घालून आलो की रोज लावायचो, नऊला."

कारभाऱ्यांनी फावड्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवली. सोमिनाथ टिकाव थांबवून उभा होता.

"परवा पोरीनं ऐकलं," कडुबा पुढं म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता. "सुवर्णा. ती इथंच कृषी सेवा केंद्रात कामाला हाये, असले स्टार्टर विकतात तिथं. माझ्या हातातला फोन घेतला, कानाला लावला, आन् मलाच बोलायला लागली. दादा, ही जाहिरात नाय, मोटर हाये. तुम्ही लोकाच्या रानात पाणी सोडायले. मंग तिनंच परत लावून बंद केली."

"मंगळवारी. लागली तशी बंद झाली."

"व्हय," कडुबा म्हणाले. "किती नुकसान झालं हो?"

कारभाऱ्यांनी पिवळ्या बेडांकडं पाहिलं. मग पोराकडं. सोमिनाथ टिकावाच्या पात्याची माती बोटानं काढत होता, काढायला काही उरलं नव्हतं तरी.

"दोन बेड," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "आन् शेजाऱ्याची थोडी मिरची."

"मंग यावंच लागंल," कडुबा म्हणाले. "पोरगी बी तेच म्हणती. आधी रान दाखवा म्हणती, मंग घर."

*

रविवारी साडेअकराला जीप आली. कडुबा, त्यांचा भाऊ, सुवर्णा, आणि वाटेत संभाजीनगरातून घेतलेली विशाखा. गीताबाईंनी पोहे भिजवून ठेवले होते, पण पाहुणे चपला न काढता सरळ रानात गेले.

सुवर्णा अठ्ठावीसची, उन्हानं रापलेली, कपाळावर आठी पाडून बघायची सवय असलेली. पिवळ्या बेडापाशी ती उकिडवी बसली, एक झाड गड्ड्यासकट उपटलं, माती झटकली, गड्डा दोन बोटांत दाबला आणि नाकाशी नेला.

"सड खालून आलीये," ती म्हणाली. "वरचे बेड वाचतील. नंबर लॉक का नव्हता केला?"

प्रश्न सोमिनाथला होता. तो निळाच शर्ट घालून आला होता. "आबा म्हणले, घरातल्या कोणाच्या बी फोनवरून लागली पाहिजे."

"मंग लागली की."

विशाखा हसली. कारभाऱ्यांनी इकडं-तिकडं बघितलं. सोमिनाथ खालच्या मानेनं म्हणाला, "तुम्ही बंद केली त्या दिवशी आम्ही तिघं पेटीसमोरच बसलो होतो. आई म्हणाली, समजूतदार भूत हाये."

तेव्हा सुवर्णाची आठी जरा सैल झाली.

"चर किती खोल घेताय?"

"फूटभर झालाय निम्म्यात."

"दीड लागंल. तळाला दगड-मुरूम टाका, नायतर पहिल्या पावसात बुजंल."

आप्पासाहेब बांधावर हजर होतेच. "पोरी, माझी मिरची बी बघून जा. तीबी तुझ्याच वडलांनी भिजवली."

कडुबांनी लगेच पुढं होऊन हात जोडले. सुवर्णा बांध उतरून मिरचीत गेली, चार झाडं बघितली आणि काय फवारायचं ते सांगितलं. आप्पासाहेबांनी ते लिहून घेण्याऐवजी तिलाच आपल्या फोनमध्ये बोलायला लावलं, म्हणजे नंतर पुन्हा ऐकता येईल.

पोहे झाले, चहा झाला. घर बघितलं. निघताना कडुबा कारभाऱ्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कळवतो."

जीप वळली. कळवतो म्हणजे काय, यावर घरात संध्याकाळपर्यंत तीन मतं पडली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कारभारी माती ओढताना शर्टाचा खिसा डाव्या हातानं दाबून धरायचे. दोनदा फोन वाजला. एकदा विशाखा होती, एकदा खरोखरची जाहिरात. कारभाऱ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

बुधवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी सोमिनाथच्या फोनवर निरोप आला. नंबर सेव्ह केलेला नव्हता, पण बाजूच्या गोलात कृषी सेवा केंद्राची पाटी दिसत होती. एकच ओळ होती. 'चर किती खोल झाला?'

सोमिनाथनं फावडं चरात उभं केलं, दांड्यावर अंगठ्यानं खूण धरली आणि पट्टीनं मोजलं. एक फूट पाच इंच.

"दीड लिहितो," तो म्हणाला.

"एक इंच कमी हाये," कारभारी म्हणाले.

"एका इंचानं काय होतंय?"

"ती येऊन मोजंल. ती तसलीच हाये."

"मंग खोदा की," बेडावरून गीताबाई म्हणाल्या. "बोलत काय बसले? खोदा आन् मंग लिहा."

बापलेक चरात उतरले. एका टोकाकडून सोमिनाथ, दुसऱ्या टोकाकडून कारभारी. साठ फुटांचा एक इंच. कारभाऱ्यांची कंबर विसाव्या फुटाला बोलायला लागली, तेव्हा आप्पासाहेब बांधावरून उठले, चप्पल काढली आणि त्यांच्या हातातलं फावडं घेतलं. पाच वाजून पन्नास मिनिटांनी दोन्ही टोकं मधे भेटली. सोमिनाथनं तीन ठिकाणी मोजलं. मग पट्टी चरात उभी धरून फोटो काढला. फोटोत कारभाऱ्यांचे चिखलाचे पाय आले होते, ते तसेच राहू दिले. खाली लिहिलं, 'दीड फूट. मुरूम उद्या टाकतो.'

निरोप पाच वाजून चोपन्न मिनिटांनी गेला. दोन खुणा उमटल्या आणि लगेच निळ्या झाल्या. वर 'टाईप करत आहे' असं आलं, गेलं, पुन्हा आलं आणि पुन्हा गेलं. चौघं जण चराच्या काठावर एका फोनभोवती वाकून उभे होते. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.